परजीवीशेजारी त्याचा मोकळा भाऊबंद: तंतुकणिकेतील डीएनएची तुलना कशी करावी

प्रकल्पासाठी विषय मागायला येणारे पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी बहुधा असे धरून चालतात की, जनुकांवरचे काम म्हणजे पुण्या-मुंबईची मोठी प्रयोगशाळा आणि आपल्या आवाक्याबाहेरचा खर्च. एकपेशीय परजीवींच्या तंतुकणिकेतील, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियातील, डीएनएची उत्क्रांती हा विषय मात्र रत्नागिरीत, दापोलीत किंवा मालवणात बसून, एक साधा संगणक आणि बऱ्यापैकी चालणारे इंटरनेट यांच्या जोरावर नीट अभ्यासता येतो. हे जनुकसंच आकाराने लहान असतात, अनेकांचे पूर्ण क्रम जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि त्यांतले चमत्कारिक प्रकार ओळखायला यंत्रापेक्षा बारीक नजर अधिक लागते. मी वाचलेल्या अशा प्रकल्पांपैकी बहुतेकांच्या शेवटी मात्र एकच निष्कर्ष येतो: परजीवी आयत्या घरात राहायला गेला, त्याला कष्ट उरले नाहीत, म्हणून त्याची जनुके गळून पडली. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. तो कधी चुकतो आणि कधी बरोबर ठरतो, हे कोष्टकातून कसे काढावे, ते पुढे सांगतो.

मोजमापाची सुरुवात

तंतुकणिका ही मुळात अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया गटातल्या एका जिवाणूची वंशज आहे, हे आता पाठ्यपुस्तकांतही असते. त्या मूळ जिवाणूची हजारो जनुके पुढे एकतर नष्ट झाली किंवा यजमान पेशीच्या केंद्रकात स्थलांतरित झाली. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगणे सोपे आहे: घरातली बहुतेक माणसे चाकरमानी होऊन मुंबईला गेली, तिथून घरखर्च पाठवू लागली आणि गावच्या घरात दोन-चार जणच उरले. केंद्रकात गेलेल्या जनुकांची प्रथिने पेशीद्रवात तयार होऊन तंतुकणिकेत परत आणली जातात, आणि म्हणूनच तंतुकणिकेतील डीएनएमध्ये एखादे जनुक नसणे म्हणजे ते काम बंद पडणे नव्हे.

किती उरले हे सांगण्यासाठी आधी मापदंड हवा. मी रेक्लिनोमोनास अमेरिकाना हा मुक्त जगणारा एकपेशीय जीव वापरतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तंतुकणिकेच्या जनुकसंचात सुमारे ६९ हजार बेसजोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) आणि ९७ जनुके आहेत. माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ बेसजोड्या आणि ३७ जनुके असतात. मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम याच्याकडे ५,९६७ बेसजोड्या आणि प्रथिनांसाठी अवघी तीन जनुके आहेत: कॉक्स १, कॉक्स ३ आणि सायटोक्रोम बी. ही तिन्ही श्वसनाच्या साखळीतली प्रथिने.

आता कोष्टक आखावे. आडव्या ओळीत एकेक जीव, आणि उभ्या रकान्यांत डीएनएचा आकार, तो वर्तुळाकार की सरळ, प्रथिनांची कोणती जनुके शिल्लक आहेत, रायबोझोमचा आरएनए अखंड की तुकड्यांत, प्रथिन बांधताना अमिनो आम्ले आणून देणारे ट्रान्स्फर आरएनए आहेत की नाहीत, सांकेतिक भाषेचा (कोणती तीन अक्षरे म्हणजे कोणते अमिनो आम्ल) कोणता तक्ता लागू पडतो, आरएनएमध्ये संपादन होते का, तो जीव राहतो तिथे प्राणवायू किती मिळतो, आणि इलेक्ट्रॉन वहनाच्या, म्हणजे श्वसनाच्या, साखळीतले कोणते संकुल (प्रथिनांचा जुडगा) काम करते. शेवटचा रकाना विद्यार्थी हमखास विसरतात, आणि या लेखाचे सगळे काम त्याच्याचवर आहे: या परजीवीचा जवळचा, मुक्त जगणारा नातेवाईक कोण आणि त्याच्याकडे काय आहे.

क्रम शोधताना जेनबँकेच्या चौकटीत परजीवीचे शास्त्रीय नाव आणि त्यापुढे तंतुकणिका व पूर्ण जनुकसंच यांसाठीचे इंग्रजी शब्द टाकावेत. मिळालेल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक, आवृत्ती आणि उतरवून घेतल्याची तारीख वहीत लिहावी. नोंदी सुधारल्या जातात, आणि सहा महिन्यांनी आपलाच आकडा जुळेना म्हणून डोके धरून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

शेवटचा रकाना भरताना काय दिसते

प्लाझ्मोडियमच्या ओळीपासून सुरुवात करू. तीन जनुके, ट्रान्स्फर आरएनएचे एकही जनुक नाही, सगळे बाहेरून आणावे लागतात, रायबोझोमचा आरएनए दोन डझनांहून अधिक तुकड्यांत फुटलेला, त्यातला सर्वांत लहान तुकडा जेमतेम २३ अक्षरांचा. गुरांना गोचिडांमार्फत होणाऱ्या बबेसिया आणि थायलेरिया यांच्याकडेही तीच तीन जनुके आहेत, मात्र त्यांचा डीएनए सरळ असून दोन्ही टोकांना उलटसुलट पुनरावृत्ती असते. टोक्सोप्लाझ्मा तर सर्वांवर कडी करतो: २०२१ साली लांब क्रम वाचणाऱ्या तंत्राने असे दिसून आले की, त्याचा जनुकसंच २१ ठरावीक तुकड्यांचा असून ते तुकडे निरनिराळ्या क्रमाने जोडलेले आढळतात. एवढे पाहून परजीवीपणाने जनुकसंचाचा पार चुराडा केला असे लिहायचा मोह होतो.

पण शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. या गटाचे जवळचे नातेवाईक म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर चमकतात, त्या चमकवणारा नॉक्टिल्युका हा याच गटातला, आणि तो कोणाच्या शरीरात घर करून राहत नाही. या गटातल्या ज्या मुक्त जीवांचा अभ्यास झाला आहे, त्यांच्या तंतुकणिकेतही प्रथिनांची तीच तीन जनुके आहेत आणि रायबोझोमचा आरएनए तसाच तुकड्यांत आहे. दुसरा नातेवाईक क्रोमेरा. हा प्रकाशसंश्लेषण करून स्वतःचे अन्न स्वतः बनवतो, तरी त्याच्याकडे कॉक्स १ आणि कॉक्स ३ एवढेच शिल्लक आहे. सायटोक्रोम बीसुद्धा नाही. म्हणजे जनुकसंच आकसला तो परजीवी होण्याच्या आधी, या सर्वांच्या सामाईक पूर्वजात. प्लाझ्मोडियमला ते घर रिकामेच मिळाले.

दुसरे उदाहरण किनेटोप्लास्टिड गटाचे. झोपेचा आजार आणणाऱ्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई याच्या तंतुकणिकेत सुमारे २३ हजार बेसजोड्यांची काही डझन मोठी वर्तुळे आणि प्रत्येकी सुमारे एक हजार बेसजोड्यांची हजारो लहान वर्तुळे एकमेकांत अडकवलेली असतात. पाग, म्हणजे मासे धरायचे फेकजाळे, विणताना जसा एक फासा शेजारच्या फाशांत गुंततो, तशी ही वर्तुळे गुंतलेली असतात. क्रिथिडिया या त्यांच्या नातेवाइकात एक वर्तुळ सरासरी तीन शेजाऱ्यांशी जोडलेले असल्याचे मोजले गेले आहे. मोठ्या वर्तुळावरची कित्येक जनुके अपुरी असतात. त्यांच्या आरएनएमध्ये युरिडीनची अक्षरे मागाहून घालावी किंवा काढावी लागतात, आणि कुठे किती घालायची हे सांगणारे मार्गदर्शक आरएनए लहान वर्तुळांवर असतात. १९८६ साली रॉब बेन यांच्या गटाने कॉक्स २ मध्ये डीएनएत नसलेली चार अक्षरे दाखवली, तेव्हा ती किरकोळ डागडुजी वाटली असेल. दोनच वर्षांत कॉक्स ३ चा हिशेब आला: ५४७ युरिडीन घातलेले, ४१ काढलेले. प्रथिनाचा मजकूर निम्म्याहून अधिक नंतर भरलेला. इथेही मुक्त जगणारा बोडो साल्टान्स शेजारी ठेवावा. त्याच्याकडे लहान वर्तुळे आहेत, आरएनएचे संपादनही आहे. फक्त ती वर्तुळे जाळ्यात गुंतलेली नाहीत. तेव्हा परजीवींच्या शाखेत नंतर आलेली गोष्ट म्हणून जाळ्याचा विचार करता येईल, संपादनाचा नाही.

परजीवीपणाचा निष्कर्ष जिथे खरोखर टिकतो, असे उदाहरणही कोष्टकात असावे, नाहीतर विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधलेला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे सरा रोगाचा परजीवी, हा ब्रुसेईचाच जवळचा भाऊबंद. ब्रुसेईला त्सेत्से माशीच्या पोटात असताना तंतुकणिकेतील श्वसन लागते. इव्हान्सी रक्त शोषणाऱ्या माश्यांच्या सोंडेवरून एका जनावरातून दुसऱ्यात नुसता उचलून नेला जातो. माशीत त्याची वाढ होत नाही आणि तो कायम रक्तातच राहतो. त्याच्याकडची मोठी वर्तुळे नाहीशी झाली आहेत आणि काही वाणांत लहानही नाहीत. ही हानी सोसण्यासाठी एटीपी सिंथेझ या ऊर्जा बनवणाऱ्या विकराच्या गॅमा या भागात उत्परिवर्तन झालेले आढळते. इथे जीवनक्रमातला बदल, हानी आणि हानी पचवण्याची सोय, तिन्ही गोष्टी सलग दिसतात. निष्कर्ष काढायचा तर पुरावा इतका हवा.

कालवातला परजीवी आणि वाचनातली खोड

स्वतःचा नमुना हवाच असेल, तर माणसाच्या रक्ताकडे वळू नये. त्याला नैतिक समितीची परवानगी आणि डॉक्टरांची देखरेख लागते, आणि ते योग्यच आहे. कोकणात आपल्याजवळ कालवे आहेत. पर्किन्सस हा शिंपल्यांच्या वर्गातल्या प्राण्यांना होणारा एकपेशीय परजीवी डायनोफ्लॅजेलेटांचा नातेवाईक आहे. १९५० साली मेक्सिकोच्या आखातातल्या कालवांतून त्याचे पहिले वर्णन झाले तेव्हा तो बुरशी मानला गेला होता. भारतीय किनाऱ्यावर मोत्याच्या कालवांत पर्किन्सस ओल्सेनी आणि खाण्याच्या कालवांत पर्किन्सस बेइहाएन्सिस सापडल्याचे प्रसिद्ध झाले आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते, तेव्हा खडकावरची कालवे काढणाऱ्या बायकांबरोबर जावे. जिवंत, घट्ट मिटलेली कालवे कोणती हे त्या आवाजावरून सांगतात, आणि आपण फोडलेल्या निम्म्या शिंपल्यांत नुसता चिखल निघतो. प्रयोगशाळेत कल्ले, प्रावार आणि गुदद्वाराजवळची ऊती यांचे लहान तुकडे करून, अर्धे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवावेत आणि अर्धे प्रतिजैविके घातलेल्या थायोग्लायकोलेट माध्यमात, अंधारात, पाच ते सात दिवस. रे यांनी १९५२ साली सुचवलेली ही पद्धत अजूनही पहिली चाचणी म्हणून वापरतात. नंतर ऊती पात्याने बारीक करून त्यावर ल्युगॉलच्या आयोडीनचा थेंब टाकला की, परजीवी असल्यास फुगलेले गोल बीजाणू निळ्या-काळ्या रंगाचे दिसतात. हे प्रजाती सांगत नाही, फक्त गट सांगते. प्रजातीसाठी आयटीएस या, रायबोझोमच्या आरएनएच्या जनुकांमधल्या भागाचा क्रम वाचावा लागतो. परजीवी माणसाला बाधत नाही, पण ओल्सेनी हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला आहे. म्हणून उरलेली कालवे उकळूनच टाकावीत, खाडीत परत सोडू नयेत, आणि काही सापडल्यासारखे वाटले तर गाजावाजा करण्याआधी मत्स्यविज्ञानाच्या तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी.

आता वाचन. पर्किन्ससचे कॉक्स १ मी पहिल्यांदा संगणकावर भाषांतरित केले तेव्हा थोड्याथोड्या अंतरावर थांब्याची खूण येऊ लागली. हा तुकडा केंद्रकात जाऊन पडलेली मृत नक्कल असणार, असे ठरवून मी तो कोष्टकातून काढला आणि त्याच्याविना एक अख्खा पावसाळा वंशवृक्ष काढत बसलो. चूक माझी होती. त्या जनुकात वाचनाची चौकटच, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट कुठून मोजायचे तेच, ठरावीक ठिकाणी सरकते.

ते पडताळण्याची रीत अशी. क्रमाचे भाषांतर तिन्ही चौकटींत करावे आणि तीन ओळी तीन रंगांत छापाव्यात. शेजारी प्लाझ्मोडियमचे कॉक्स १ प्रथिन ठेवावे. सुरुवातीला जुळणी पहिल्या रंगाशी होईल, मग एकदम तुटेल आणि दुसऱ्या रंगाशी पुढे चालू होईल. जिथे उडी पडली त्या सांध्यावरची अक्षरे वर्तुळात घ्यावीत. पर्किन्सस मरिनसमध्ये अशा १० उड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यावर दोनपैकी एकच नमुना दिसतो. एक म्हणजे ए-जी-जी-टी किंवा ए-जी-जी-सी: इथे पहिला ए सोडून पुढची तीन अक्षरे ग्लायसिन म्हणून घेतली की हिशेब लागतो. दुसरा सी-सी-सी-सी-टी: इथे पहिले दोन सी सोडून उरलेली तीन अक्षरे प्रोलिन म्हणून घ्यावी लागतात. क्रम वाचताना यंत्राची चूक झाली असती तर उड्या कुठेही पडल्या असत्या. सांध्यावरची अक्षरे दर वेळी तीच असतील तर तो नियम आहे, आणि वेगवेगळी असतील तर आपली चूक. आता मी कुठलाही तुटका क्रम टाकून देण्याआधी ही एक कसोटी लावतोच.

सांकेतिक तक्त्याचीही काळजी घ्यावी. किनेटोप्लास्टिडांच्या तंतुकणिकेत टी-जी-ए हा थांबा नसून ट्रिप्टोफॅन आहे, आणि जेनबँकेत त्यांच्यासाठी चौथा तक्ता असतो. संगणकावर पहिला तक्ता आपोआप निवडलेला असतो. तो बदलायला विसरलात तर धडधाकट जनुक मोडके दिसेल.

नाही म्हणण्यापूर्वी

डीएनए सापडला नाही आणि डीएनए नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. गावात घर बंद दिसले तर आपण घराणे बुडाले असे म्हणत नाही, आधी मुंबईचा पत्ता विचारतो. जिआर्डिया आणि एन्टामीबा या आतड्यातल्या परजीवींकडे तंतुकणिका कधी नव्हत्याच, असे १९८० च्या दशकात मानले जाई. पुढे त्यांच्या केंद्रकात तंतुकणिकेशी संबंधित प्रथिनांची जनुके सापडली, आणि १९९९ साली एन्टामीबात तर २००३ साली जिआर्डियात मायटोसोम नावाचे अतिलहान अवशेष दिसले. त्यांत डीएनए नाही, पण जिआर्डियाच्या मायटोसोममध्ये लोह-गंधक समूह घडवण्याचे काम चालू आहे.

म्हणून अभावाची नोंद करताना क्रमाने तपासावे. कच्च्या क्रमांत कॉक्स १ आणि सायटोक्रोम बी शोधावेत; तंतुकणिकेच्या डीएनएच्या प्रती केंद्रकापेक्षा जास्त असतात, तेव्हा तो असता तर वाचनाची खोली, म्हणजे तोच तुकडा किती वेळा वाचला गेला तो आकडा, वाढलेली दिसली असती. मग केंद्रकात प्रथिने आत नेणारी यंत्रणा आणि तंतुकणिकेतील डीएनएची नक्कल करणारी प्रथिने आहेत का ते पाहावे. टोक्सोप्लाझ्मासारख्या जीवांत केंद्रकभर विखुरलेले तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे फसवतात, त्यांना वेगळे काढावे. यानंतरच रकान्यात शून्य लिहावे.

शून्यांची ओळ भरली की प्राणवायूचा रकाना बोलू लागतो. जिआर्डिया, एन्टामीबा, ट्रायकोमोनास, क्रिप्टोस्पोरिडियम यांच्या अवशिष्ट अंगकांत डीएनए नाही, आणि हे सारे आतड्यासारख्या प्राणवायू कमी असलेल्या जागांचे रहिवासी. चिंचिलाच्या आतड्यातल्या मोनोसर्कोमोनॉइडिसमध्ये तर तंतुकणिकेचा अवशेषही नसल्याचे २०१६ साली दाखवले गेले. मात्र त्याच प्रकारच्या जागी राहणाऱ्या ब्लास्टोसिस्टिसकडे २८ ते २९ हजार बेसजोड्यांचा डीएनए टिकून आहे, आणि त्यात पहिल्या संकुलाची जनुके आहेत. उलट बाजूने, डायनोफ्लॅजेलेटांवरच जगणारा अमीबोफ्रिया भरपूर प्राणवायूत राहतो, त्याची तंतुकणिका चालते, तरी तिच्यात डीएनए नसावा असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्लाझ्मोडियमने तीन जनुके का राखली याचेही उत्तर गरजेतच आहे: २००७ साली दिसून आले की, रक्तातल्या अवस्थेत त्याला ही साखळी मुख्यतः पिरिमिडीन बनवणाऱ्या एका विकरासाठी लागते, आणि यीस्टचे तसे विकर दिले की साखळी रोखणारी औषधे त्याला बाधेनाशी होतात. कोणते संकुल लागते त्यावर कोणते जनुक उरते, हा धागा मला परजीवी-अपरजीवी या विभागणीपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

वंशवृक्ष आणि नोंद

वंशवृक्षाबद्दल थोडक्यात. माफ्ट या संगणक प्रणालीने क्रमांची जुळणी आणि मेगा या प्रणालीने वृक्ष, दोन्ही विनामूल्य आहेत. दूरच्या गटांची तुलना डीएनएच्या नव्हे तर प्रथिनांच्या क्रमांवर करावी, कारण या जनुकसंचांत बदल झपाट्याने होतात आणि लांब फांद्या नाते नसतानाही एकमेकींना चिकटतात. फाल्सिपेरमच्या वाणांसारख्या अगदी जवळच्यांसाठी मात्र डीएनएच घ्यावा. तो मादी जननपेशीमार्फतच पुढे जातो, त्यामुळे वंशरेषा सरळ मिळते. गोरिलांच्या विष्ठेतून मिळालेल्या तशाच क्रमांवरून फाल्सिपेरमचे मूळ २०१० साली गोरिलांच्या परजीवींपर्यंत नेता आले.

स्वतःचा क्रम जेनबँकेला पाठवणार असाल, तर सरकत्या चौकटीचे जनुक तिथली तपासणी मोडके म्हणून परत पाठवते. अशा वेळी क्रमात हात घालून तो गुळगुळीत करू नये. रायबोझोम घसरण्यासाठी एक आणि आरएनए संपादनासाठी दुसरी, अशा विशेष नोंदी तिथल्या नमुन्यातच आहेत. त्या भराव्यात, आणि सोबत तीन रंगांतल्या छापाची प्रत वहीत चिकटवून ठेवावी, कारण तपासनिसाचा पहिला प्रश्न त्याच दहा सांध्यांबद्दल येतो.